तपकिरी ओघळ शोधत: कोल्हापुरात चार दिवस

कोल्हापूर बघायला लोक दिवाळीच्या सुट्टीत येतात, नाहीतर नवरात्रात. पुतळे बघायचे असतील तर आषाढात यावं. पर्यटनाच्या पुस्तकात हे बसत नाही, पण पुतळ्याचं दुखणं पावसातच दिसतं. ब्राँझच्या अंगावरून हिरवट ओघळ आला असेल तर तो तांब्याचा. दिसायला वाईट, पण फार काळजीचा नाही. ओघळ तपकिरी असेल, आणि तोही सांध्यातून किंवा पायाच्या घोट्यापाशी, तर आत पाणी शिरलंय आणि लोखंडाचा सांगाडा गंजायला लागलाय. उन्हाळ्यात हा ओघळ वाळून धुळीत मिसळतो, डोळ्याला सापडत नाही.

चार दिवस पुरतात. एक रेनकोट, एक साधी दुर्बीण, आणि पायात रबरी चप्पल. कोल्हापुरी पायताण पावसात घालू नये, तळ भिजला की शिवण सुटते.

दुसरी एक गोष्ट सोबत येतेच, ती टाळता येत नाही. चौकात पुतळ्याचा विषय काढला की पाचव्या मिनिटाला गाडी २०२०-२१ च्या कोरोनाच्या नियमांवर घसरते. कोल्हापूरकराच्या डोक्यात हे दोन विषय एकाच खणात आहेत: चौक आमचा, मग तिथं काय उभं राहायचं आणि आम्ही तिथं कधी उभं राहायचं, हे ठरवणार कोण?

पहिला दिवस: कावळा नाका, दसरा चौक, बिंदू चौक

सकाळच्या गाडीनं उतरलं की सामान टाकून आधी कावळा नाका गाठावा. स्टेशनपासून चालत वीस मिनिटं, रिक्षानं पाच. महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा इथं आहे, शिल्पकार रवींद्र मेस्त्री. घोडा मागच्या दोन पायांवर तोललेला. गाड्यांचा वेढा असतो, म्हणून साडेआठच्या आत पोचावं आणि बेटावर न चढता रस्त्याच्या कडेनं पूर्ण फेरी मारावी. समोरून सगळेच फोटो काढतात. बघायचं असतं ते मागून.

झेपावलेला घोडा घडवणं हे शिल्पापेक्षा बांधकामाचं काम जास्त. सगळं वजन दोन घोट्यांत उतरतं, आणि घोटा हा घोड्याचा सगळ्यात बारीक भाग. ब्राँझचं कवच सहा ते दहा मिलिमीटर जाडीचं, आत पोकळ. वजन पेलतो तो आतला पोलादी सांगाडा, आणि तो पायातून खाली चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल नेलेला असावा लागतो. शिवाय ब्राँझ आणि साधं पोलाद एकमेकांना टेकलेले राहिले आणि मध्ये ओल आली, तर पोलाद आधी खाल्लं जातं, तेही एरवीपेक्षा वेगानं. म्हणून दोघांमध्ये अस्तर हवं, नाहीतर सांगाडा स्टेनलेसचा. शिवाय पोटाखाली आणि पायाच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं ठेवावी लागतात. पाणी आत जाणारच नाही असा पुतळा नसतो. आत गेलेलं बाहेर निघतं की नाही, एवढंच बघायचं.

या चौकात मालवणचा विषय निघाला नाही असं होत नाही. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुरते नऊ महिनेही नाहीत. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता असं सरकारकडून सांगितलं गेलं. आता हिशेब करू. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी आणि पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. मालवण या दोघांच्या मधे, आणि वर समुद्राच्या तोंडावर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे जो दाब सोसायला हवा होता, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात पुतळा गेला. चौकशीत गंज, चुकीचं वेल्डिंग आणि कमकुवत सांगाडा ही कारणं पुढं आली. कला संचालनालयानं मंजुरी दिली होती ती सहा फुटी मातीच्या नमुन्याला. तिथं नंतर राम सुतारांच्या कार्यशाळेतून आलेला ६० फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला, मे २०२५ मध्ये.

कावळा नाक्यावरचा रिक्षावाला हे सगळं एका वाक्यात मिटवतो: "नट-बोल्टाला राजकारण कळत नाही, भावा."

इथून दसरा चौक रिक्षानं दहा मिनिटं. राजर्षी शाहूंचा पुतळा, आणि भोवती त्यांच्या काळापासूनची वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं. शाहूंचं निधन ६ मे १९२२ चं. शंभर वर्षं झाली तेव्हा, ६ मे २०२२ ला सकाळी १० वाजता, शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं. गाड्या बंद, माणसं उभी. राज्यातले निर्बंध उठून तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. सक्तीनं थांबलेलं शहर आणि मनानं थांबलेलं शहर, हा फरक इथले लोक स्वतःहून बोलून दाखवतात, तोही जरा तोऱ्यात. तोरा रास्त आहे. १०० सेकंदांसाठी कुणाला दंडाची पावती फाडावी लागली नाही.

बिंदू चौकात दुपार टाळून जावं, चारनंतर. जुन्या तटाचा तुकडा, तुरुंग, आणि महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे. ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं ते बसले, घडवले बाळ चव्हाणांनी. बाबासाहेब त्यानंतर सहा वर्षं हयात होते. जिवंत माणसाचा पुतळा उभारावा का, यावर आजही तावातावानं बोलणारे भेटतात. बिंदू चौकात मात्र या प्रश्नाला कुणी भीक घालत नाही, "उभारला, झालं" एवढंच उत्तर.

हे पुतळे मोठ्या अश्वारूढ पुतळ्यांच्या मानानं लहान, हाताच्या टप्प्यातले. फायदा असा की झाडलोट, पुसणं, हार बदलणं शिडीवर होतं, क्रेन लागत नाही. चार मजली पुतळ्यांच्या मागणीपत्रावर सही करताना हा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. १४ एप्रिलला २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षं जयंती घरात साजरी करा असं सरकारचं सांगणं होतं, आणि लोकांनी घरात फोटो मांडून केली. चौकात त्याबद्दल कुरकुर ऐकू येते ती जयंतीवरून नाही. पुढच्या महिन्यांत दुसऱ्यांच्या गर्दीकडं काणाडोळा झाला, त्यावरून आहे. माप एकच लावा, एवढीच मागणी.

रात्री खासबागेची खाऊगल्ली. छत्री मिटवून उभं राहायला जागा मिळाली तर बरं.

दुसरा दिवस: शिवाजी चौक, महाद्वार रोड, निवृत्ती चौक, गंगावेश

शिवाजी चौकात आज जिथं शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तिथं आधी मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन उभा होता. बेचाळीसच्या चळवळीत त्याच्यावर डांबर पडलं, तेही दोन बायकांच्या हातून, पुढं त्याची मोडतोड झाली, आणि १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या खटपटीतून, बाबूराव पेंटरांच्या हातचा महाराजांचा पुतळा त्या जागी आला. परदेशांत २०२० साली पुतळे पाडायची लाट आली तेव्हा टीव्हीवर चर्चा झडल्या. शिवाजी चौकातल्या म्हाताऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. पाडायचा असेल तर त्या जागी काय बसवणार ते आधी ठरवा, हे त्यांचं म्हणणं. रिकामा चौथरा सगळ्यात जास्त भांडणं लावतो.

चौकापासून महाद्वार रोड चालत. इथं नियमांचा विषय निघाला की तासाची निश्चिती. चप्पल लाईन, कापड, गुजरीतले सराफ, सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा: चार वाजता बंद.

"चारनंतर कोरोना काय ड्यूटीवर येतोय व्हय?" हे वाक्य त्या वर्षी महाराष्ट्रभर फिरलं असेल, पण इथं ते अजून शिळं झालेलं नाही, कारण इथं त्याचा कालावधी लांबला. जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर केले. आठवड्यात तपासलेल्यांपैकी बाधितांचा दर ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. दर ५ ते १० किंवा खाटा ४० टक्क्यांवर, तर तिसरा: दुकानं चारपर्यंत. दर १० ते २० किंवा खाटा ६० टक्क्यांवर, तर चौथा: जीवनावश्यक सोडून सगळं बंद. आकडे गुरुवारी यायचे, स्तर सोमवारी लागू. कोल्हापूर पहिल्याच यादीत चौथ्यात गेलं. २५ जूनला पहिला-दुसरा स्तर राज्यभर स्थगित झाला, म्हणजे तिसऱ्यापेक्षा जास्त मोकळीक कुणालाच नाही, आणि दर फक्त आरटीपीसीआरवर मोजायचा ठरला. ऑगस्टच्या सुरुवातीला २५ जिल्ह्यांत दुकानं आठपर्यंत उघडली. उरलेल्या अकरात कोल्हापूर होतं.

व्यापाऱ्यांची तक्रार अशी: आमच्याकडं तपासण्या जास्त केल्या, म्हणून दर जास्त आला. हे गणित नीट सोडवायला हवं. नुसत्या तपासण्या वाढवून दर वाढत नाही, उलट बहुधा उतरतो. बाजारातल्या हजार जणांचे स्वॅब घेतले आणि ५० बाधित निघाले, तर ५ टक्के. पण ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांच्याच हजार जणांचे घेतले आणि १५० निघाले, तर १५ टक्के. त्याच गावात, त्याच आठवड्यात. म्हणजे दर कुणाला तपासलं यावरून हलतो, आणि दुकानाचं शटर त्या दराला बांधलेलं. संपर्कातली माणसं शोधून तपासणं हे आजार आवरायचं योग्य काम होतं आणि बाजार उघडायच्या दृष्टीनं तेच महागात पडत होतं. हे कुणी चौकात उभं राहून सांगितलं असतं तर निम्मी चिडचिड कमी झाली असती असं वाटतं. फळ्यावर नुसता '४ वाजेपर्यंत' लिहिल्यावर माणूस विनोदच करणार.

चप्पल लाईनीतली गोष्ट वेगळी. कोल्हापुरी चपलेचा धंदा चैत्र-वैशाखातला, लग्नसराई आणि उन्हाळी पर्यटक. दोन्ही वर्षी नेमका तोच हंगाम गेला. त्यातून शटर आषाढात बंद राहिलं. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं बंद, दमट खोलीत आठ-दहा दिवसांत पांढरी बुरशी धरतं. ती उन्हात टाकून जात नाही. कडक ऊन लागलं की चामडं आकसतं, पट्टा तडकतो. कोरड्या फडक्यानं बुरशी पुसायची, सावलीत वाऱ्यावर ठेवायचं, मग तेलाचा हलका हात. यासाठी दुकान रोज तासभर तरी उघडावं लागतं, विक्रीसाठी नव्हे, हवेसाठी. नियमात 'हवेसाठी' असा रकाना नव्हता. जवळपास प्रत्येक धंद्याचं असं एखादं बारीक काम होतं, जे यादी करणाऱ्याला दिसलं नाही.

अंबाबाईचं देऊळ दोनदा भक्तांसाठी उघडलं: पहिल्यांदा दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२०, दुसऱ्यांदा घटस्थापनेला, ७ ऑक्टोबर २०२१. दर्शनाची वेळ आधी ऑनलाइन घ्यायची ही रीत तेव्हाची. त्याबद्दल इथं उघड दोन तट आहेत. महाद्वारातले फुलवाले म्हणतात, वेळ ठरवून आलेला भक्त ओटी घ्यायला रेंगाळत नाही. घरात म्हातारं माणूस असलेले म्हणतात, रांगेत चार तास उभं राहण्यापेक्षा तेच बरं होतं, उठवलं कशाला?

दुपारी मिसळ खाऊन निवृत्ती चौक. इथला 'अर्धा शिवाजी पुतळा' हा पत्ता म्हणूनच वापरला जातो. रिक्षावाल्याला निवृत्ती चौक म्हटलं तर तो उलट विचारतो, "अर्ध्या पुतळ्यापाशी न्हवं?" शिवाजी चौकापासून हे अंतर दोन किलोमीटर भरत नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे. राज्याच्या २ मे २०१७ च्या शासन निर्णयात अट आहे की त्याच थोर व्यक्तीचा पुतळा दोन किलोमीटरच्या परिसरात आधीच असेल तर दुसरा उभारू नये. त्याआधी, जानेवारी २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर, रहदारीच्या जागेत नवे पुतळे उभारायला मनाई केली. या दोन कागदांची चाळणी लावली तर कोल्हापूरच्या ओळखीचे निम्मे चौक आज रिकामे राहतील. ते जुने म्हणून सुटले.

नव्या पुतळ्याची वाट अशी असते: पालिकेचा किंवा ग्रामसभेचा ठराव, जागेच्या मालकीचा उतारा, चौथऱ्याचा आराखडा, पोलिस आणि वाहतुकीचा ना-हरकत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं प्रकरण, आणि देखभालीची, पावित्र्याची जबाबदारी घेणारं हमीपत्र. अडतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. जागा सरकारी किंवा रस्त्याची निघते. नाहीतर मातीचा नमुना परत येतो: चेहरा उतरला नाही, शरीराचं प्रमाण चुकलं. नमुन्यात दुरुस्ती स्वस्त असते, मेणाचा साचा झाल्यावर महाग, ओतकाम झाल्यावर अशक्यच. तरी मंडळांना सगळ्यात जाचक वाटते ती हीच पायरी.

मग उतावळी मंडळी रातोरात फायबरचा पुतळा आणून बसवतात. सकाळी पोलिस बंदोबस्त, पुतळ्यावर ताडपत्री, दोन गट समोरासमोर. पुतळा कुणाचा आहे यापेक्षा आता तो हलवणार कोण हा प्रश्न मोठा होतो, कारण हलवणं म्हणजे विटंबना. फायबरचं आणखी एक: तीन-चार उन्हाळ्यांत वरचा थर पांढुरका पडतो, केसासारख्या भेगा येतात, वरून मारलेला सोनेरी रंग पोपडे धरतो. ज्याच्या सन्मानासाठी एवढं केलं त्याच्याच तोंडावर.

संध्याकाळ गंगावेशीत. म्हशी दारात उभ्या, धार पेल्यात काढून लगेच हातात देतात. फेस ओठाला लागायला हवा, तेवढ्यात प्यायचं, साखर मागू नये. दुधाचा कट्टा त्या दोन वर्षांत पार्सलवर कसा चालवायचा हा खरा पेच होता. बाटलीत घरी नेलेलं दूध तापवावं लागतं, आणि तापवलं की ते गंगावेशीचं राहत नाही.

तिसरा दिवस: बापट कॅम्प आणि इराणी खण

हा दिवस मोठा ठेवावा. बापट कॅम्प, शाहूपुरी, गंगावेश, पापाची तिकटी, अशा चार-पाच ठिकाणी कुंभारांचे कारखाने विखुरलेत. आषाढात ताडपत्रीच्या आत अर्ध्या झालेल्या गणपतींची रांग असते. आत जाताना चप्पल बाहेर, फोटो विचारून, आणि ओल्या मूर्तीला बोट लावायचं नाही.

नियम आणि मूर्ती यांची गाठ शहरात सगळ्यात घट्ट इथं पडली. ११ जुलै २०२० ला सरकारी परिपत्रक आलं: सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. गणेश चतुर्थी होती २२ ऑगस्टला. मधे बेचाळीस दिवस. हे गाव २१ फुटी गणपतीचं. मोठ्या मूर्तीचं काम उन्हाळ्यातच धरावं लागतं, कारण आषाढ-श्रावणात माती वाळत नाही. म्हणजे परिपत्रक आलं तेव्हा सांगाडे उभे होते, काथ्या-माती भरून झाली होती.

चार फुटांची नवी मूर्ती बेचाळीस दिवसांत होते का? प्लास्टरची सहज होते, साच्यातून दिवसाला अनेक निघतात. शाडूची अवघड. चार फुटी शाडूची मूर्ती कोल्हापूरच्या पावसात वाळायला पंधरा ते वीस दिवस घेते, तेही आत दिवे लावून. घाई केली की बाहेरचा थर आधी वाळतो, आतला ओला राहतो, आणि गळ्यापाशी, काखेत, सोंडेच्या वळणावर चीर पडते. चीर नुसती बुजवली तर रंगाखालून परत उघडते. ती खरवडून, ओली करून, काथ्या घालून भरावी लागते. शाडू जडही. चार फुटांची मूर्ती सहा जणांनी उचलायची, आणि पाटासकट. कान धरून उचलली तर कान हातात.

मजा आणि भांडण दोन्ही मापावरून. चार फूट कुठून कुठं? पाटापासून की पायापासून? मुकुट धरायचा की नाही? प्रभावळ वेगळी करून नंतर बसवली तर? मंडळाची पोरं टेप घेऊन यायची आणि टेप कुठं धरायचा यावर खल व्हायचा. पण एक लक्षात येतं. या नियमाची इथं फारशी टवाळी ऐकू येत नाही, निदान चार वाजताच्या नियमाइतकी नाही. कारण साधं: मोठी मूर्ती उचलायला पन्नास माणसं लागतात, चार फुटीला सहा. त्या फुटांमागचं कारण कुंभाराला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. नुकसान झालं ते झालंच. सांगाडे झाकून ठेवले, पुढच्या वर्षी २९ जूनला तेच माप परत आलं, आणि काही माती उंदरांनी व पावसानं खाल्ली. उंचीची अट २०२२ मध्ये गेली.

कुंभार गल्लीतून ब्राँझकडं जावं. शहरात पुतळे घडवणारे स्टुडिओ आहेत, आधी विचारून गेलं तर दाखवतात. क्रम असा: मातीचा पूर्ण पुतळा, त्यावर साचा, साच्यात पाच-सहा मिलिमीटर जाडीचं मेण, मेणाला धातू जायच्या आणि हवा निघायच्या वाहिन्या, बाहेरून विटांची भुकटी आणि प्लास्टरचं जाड आवरण, भट्टीत तापवून मेण काढून टाकणं, आणि त्या पोकळीत अकराशे अंशांच्या वर तापलेला रस. धातू बहुधा गनमेटल: तांबं ८५, आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. मोठा पुतळा एका ओतात होत नाही, तुकड्यांत होतो, मग वेल्डिंग. खरी परीक्षा या जोडांत. वरून घासून, रंगवून जोड दिसेनासा करता येतो, पण आतून अर्धवट भरला असेल तर तिसऱ्या-चौथ्या पावसात ओघळ सांगतो. आवरण नीट तापलं नसेल तर आत ओल राहते, रस पडताच वाफ होते आणि धातूत बारीक छिद्रं पडतात. घाईच्या कामाची ही खूण.

कारागिरांची एक तक्रार चौथऱ्यावर उभ्या पुतळ्यांबद्दल असते. जयंतीला दुधाचा अभिषेक होतो, हरकत नाही, पण त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवावं. दूध वाळलं की स्निग्धपणा धूळ धरतो आणि आंबटपणा धातूला लागतो. दुसरी चूक याच्या उलट: पितळेची भांडी घासायची पावडर घेऊन पुतळा चकाचक करणं. तो काळसर-तपकिरी थर हा मळ नसतो, धातूचं कातडं असतं. मऊ फडकं, पाणी, आणि वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात. बस्स.

संध्याकाळी रंकाळ्याकडून इराणी खणीवर, म्हणजे पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीवर. पंचगंगेऐवजी विसर्जन इकडं वळलं, आणि ठिकठिकाणी काहिली ठेवल्या गेल्या. काहील म्हणजे गुऱ्हाळातली गूळ रटरटवायची मोठी कढई. घरगुती मूर्ती तीत बुडवायची ही कल्पना गूळ पिकवणाऱ्या गावालाच सुचणार. नदीकाठची गर्दी टाळायला त्या दोन वर्षांत याचा उपयोग झाला. काही घरं नंतर परत घाटावर गेली, काही काहिलीवरच राहिली. जवळ पडते म्हणून.

पावसाचा जोर असेल तर इथूनच पंचगंगेची पातळी विचारून घ्यावी. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट इशारा, ४३ धोका. जुलै २०२१ मध्ये ती ५६ फुटांवर गेली तेव्हा निवारा केंद्रात अंतर ठेवा असं सांगायची पाळी आली होती. एका शाळेत शंभर माणसं आणि बाहेर कंबरेएवढं पाणी. त्या आठवड्यात नियम कुणीच मोडला नाही आणि कुणीच पाळला नाही.

चौथा दिवस: कागल, कोगनोळी

निपाणीकडं जाणारी एसटी धरून सीमेवर जाऊन यायला अर्धा दिवस. कागल सोडलं की कोगनोळी, कर्नाटकात. बघायला काही नाही, टोलनाका आहे. पण २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला इथं ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह दाखवावा लागायचा. ७२ तास कशापासून, स्वॅब दिल्यापासून की रिपोर्ट हातात आल्यापासून, यावर किती गाड्या मागं फिरल्या असतील. स्वॅबपासून धरले आणि रिपोर्टला दीड दिवस गेला, तर हातात उरतो दीडच दिवस, परतीसह. निपाणीत बहीण आणि कागलात भाऊ असलेल्यांना हे गणित पाठ होतं.

ऑगस्ट २०२० मध्ये याच पट्ट्यात, हुक्केरी तालुक्यातल्या मणगुत्ती गावात, शिवाजी महाराजांचा पुतळा हटवल्यावरून कोल्हापुरात आंदोलनं झाली, जमावबंदी असताना. त्याच महिन्यात बेळगावजवळ पिरनवाडीत, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळी रायण्णांच्या पुतळ्यावरून ताण झाला. तोडगा निघाला तो असा की पुतळा रायण्णांचा राहील आणि चौकाचं नाव शिवाजी महाराजांचं. कोगनोळीच्या चहाच्या टपरीवर या तोडग्याबद्दल दोन्ही भाषांत मतं मिळतात. एक गिऱ्हाईक म्हणतं, शहाणपण केलं. दुसरं म्हणतं, निम्मा-निम्मा वाटून घ्यायला ती काय जमीन आहे? टपरीवाला कप विसळत विचारतो की पुतळ्याच्या मागच्या बाजूचा लाइटचा खांब हलवला का, फोटोत मधे येतो.

परतीची एसटी दुपारी गच्च असते. खिडकीपाशी जागा मिळाली तर कावळा नाक्याला उतरावं. चार दिवसांचा पाऊस पडून गेलेला असतो, घोट्यापाशी एकदा दुर्बीण लावून पाहावं, आणि मग स्टेशन.